थकलो म्हणण्याची किंमत



मी कविता लिहिणारा माणूस. विमानाशी माझा संबंध दोनच तऱ्हांचा. कुणी संमेलनाला बोलावलं आणि तिकीट पाठवलं तर मी विमानात बसतो, हा एक. दुसरा म्हणजे, माझा भाचा विमान चालवतो. या दुसऱ्या संबंधामुळेच आज मी वैमानिकांच्या नोकरीबद्दल, त्यांच्या समाधानाबद्दल आणि त्यांच्या करारांबद्दल चार शब्द बोलणार आहे. विषय माझा नाही, पण घरातला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरचं कविसंमेलन आटोपून मी रात्रीच्या विमानाने मुंबईला निघालो होतो. विमान समोर उभं होतं, प्रवासी रांगेत होते आणि घोषणा झाली, की वैमानिकांच्या कामाचे तास संपल्यामुळे उड्डाण सकाळी होईल. रांगेत एकच गलका झाला. माझ्या पुढचे एक व्यापारी गृहस्थ म्हणाले, "लाखांनी पगार घेतात आणि घड्याळ बघून काम करतात!" खोटं कशाला बोलू, मीही मान डोलावली.

सकाळी घरी पोहोचल्यावर भाच्याला फोन केला आणि माझी सगळी चीड त्याच्यावर काढली. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मामू, सोळा तास जागा असलेल्या माणसाच्या मागे बसून यायचं होतं का तुम्हाला?"

मी गप्प झालो. तेव्हापासून या नोकरीकडे जरा नीट बघायला लागलो.

आमचं घर दाभोळच्या खाडीकाठचं. आमच्याकडे घरटी एक माणूस बोटीवर असायचा. माझे अब्बा बोटीवर होते, इंजिनघरात. मुंबईला जाऊन ते करारावर अंगठा उठवायचे आणि वर्ष-दीड वर्ष दिसायचे नाहीत. त्या इंग्रजी कागदावर काय लिहिलंय हे त्यांना कधी कुणी वाचून दाखवलं नाही. पण एक कलम त्यांना तोंडपाठ होतं: चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हा चार तास काम. अब्बा सांगायचे, पगारात कुणी दोन पैसे कमी दिले तर खलाशी कुरकुरतो, पण त्याची झोप कुणी कापली तर सगळ्या बोटीला धोका.

विमानाने बोटीकडून पुष्कळ काही घेतलं. कॅप्टन हा शब्द घेतला, खांद्यावरच्या पट्ट्या घेतल्या, प्रवासाची नोंदवही घेतली. माझ्या बहिणीचा मुलगा पहिल्यांदा गणवेश घालून घरी आला तेव्हा आपा रडली. ती म्हणाली, "अब्बांचा नातू वरच्या दर्यावर निघाला." त्या गणवेशासाठी खाडीकाठचं घर बँकेकडे गहाण पडलं होतं. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तास उड्डाण करावं लागतं. पुढे नेमक्या कुठल्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण. हा सगळा खर्च पुष्कळदा घरच्यांनाच करावा लागतो. म्हणजे मुलगा पहिल्या दिवशी कामावर जातो तोच डोक्यावर कर्ज घेऊन.

मी त्याला एकदा विचारलं, "या नोकरीत सुख कशात आहे?" तो पगाराबद्दल बोललाच नाही. तो म्हणाला, "पावसाळ्यात मुंबईत उतरताना काही दिसत नसतं. ढगातून एकदम धावपट्टीचे दिवे समोर येतात, चाकं अलगद टेकतात, आणि मागे बसलेल्यांना काही कळतसुद्धा नाही. त्यांना काही कळलं नाही, यातच मजा आहे मामू." ही कारागिराची भाषा आहे. आमच्या धंद्यात चांगली ओळ जमली की असंच होतं.

"मग दुःख कशात?"

"फोनमध्ये. उडण्याचा कंटाळा कधी आला नाही. फोन वाजला की पोटात गोळा येतो. रोस्टर बदललं, उद्याची सुटी गेली, पहाटे तीनला गाडी येईल. ईदच्या दिवशी मी कुठे असेन हे मला आदल्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नसतं."

आता कराराकडे येतो. भारतातल्या खासगी कंपन्यांत वैमानिकाच्या पगाराचे साधारण दोन भाग असतात. एक ठरलेली रक्कम, अमुक तासांचं उड्डाण गृहीत धरून दिलेली. दुसरा त्यावरच्या तासांचा भत्ता. ऐकायला सरळ आहे. पण सगळी मेख 'अमुक तास' या दोन शब्दांत असते. २०२४ च्या सुरुवातीला विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन होण्याच्या वाटेवर होती. तेव्हा वैमानिकांपुढे नवा करार आला. त्यात ठरलेल्या रकमेमागचे तास सत्तरवरून चाळीसवर आले. एप्रिलच्या सुरुवातीला अनेक उड्डाणं रद्द झाली, वैमानिकांची नाराजी वर्तमानपत्रांत आली आणि कंपनीला रोज काही उड्डाणं कमी करावी लागली. कंपनीचं म्हणणं होतं, जो जास्त उडेल त्याला जास्त मिळेल. हिशेबात ते चूक नव्हतं. पण ठरलेला भाग आटला आणि तासांचा भाग फुगला की काय होतं, ते मला भाच्याने समजावलं.

समजा, पहाटे उठल्यावर वैमानिकाला वाटलं की आज डोकं जड आहे, झोप झालेली नाही. नियम सांगतो, तू स्वतःहून सांग की मी आज उडण्याच्या स्थितीत नाही. हा त्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही. पण त्या दिवसाचे तास गेले तर पैसे गेले आणि कर्जाचा हप्ता तर आहेच. मग तो आरशात बघतो, तोंडावर पाणी मारतो आणि म्हणतो, चालेल. मित्रहो, हा 'चालेल' फार महागात पडू शकतो. 'थकलो आहे' म्हणण्याची किंमत कुणी भरायची, हे करार ठरवतो. माझ्या मते वैमानिकांच्या करारातलं सगळ्यात मोठं कलम हेच, मग ते कागदावर कुठल्याही नावाने असो.

झोपेला इतकं महत्त्व का द्यायचं, असं कुणी विचारेल. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरच्या टेकडीवरून कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण ऐकलं गेलं तेव्हा कळलं, की कॅप्टन वाटेत दीड तासाहून अधिक वेळ झोपले होते. झोपेतून उठल्यावर काही काळ बुद्धीवर जी बधिरता असते, तिचा उल्लेख चौकशी अहवालात आहे. सहवैमानिक पुन्हा वर घेण्याविषयी सांगत होता, तरी विमान उतरवलं गेलं. गेलेल्या माणसाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. माणूस म्हटला की झोप आली. नियम आणि करार हे माणूस धरूनच करावे लागतात.

आपल्याकडे वैमानिकांचे संप पुष्कळ झाले आणि दर वेळी लोकांना वाटलं, पगारासाठी चाललंय. जरा मागे वळून बघा. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक एकाच वेळी आजारी रजेवर गेले. त्यांनी संघटना स्थापन केली होती, त्यातल्या दोघांना कंपनीने काढलं होतं, त्यांना परत घ्या ही मागणी होती. २०११ साली एअर इंडियात दहा दिवसांचा संप झाला. २००७ च्या विलीनीकरणानंतर एकाच कंपनीतल्या दोन घरच्या वैमानिकांना वेगवेगळं माप लागत होतं. २०१२ मध्ये ५८ दिवस संप चालला. तेव्हा नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण कुणाला आधी, हा वाद होता. पैसा या सगळ्यांत होता, नाही असं नाही. पण मुळाशी प्रश्न एकच होता, उद्या आपलं काय होणार हे आपल्याला कोण सांगणार?

आणि संप न करणाऱ्यांचं तरी काय झालं? जेटचंच उदाहरण घ्या. २०१९ च्या सुरुवातीपासून वैमानिकांचे पगार थकले. पगार नाही तर उड्डाण नाही, असा इशारा त्यांच्या संघटनेने दिला. १ एप्रिलची तारीख १५ एप्रिलवर ढकलली, मग तीही पुढे ढकलली. कंपनी जगावी म्हणून लोक बिनपगारी उडत राहिले. १७ एप्रिलला कंपनीच बंद पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून टाकण्याचा आदेश दिला. त्याआधी २०१२ साली किंगफिशर बंद पडली होती, २०२३ साली गो फर्स्ट. म्हणून मी कंपन्यांना खलनायक करत नाही. हा धंदाच असा आहे की इंधन जरा भडकलं की चांगल्या चांगल्यांचे पाय लटपटतात. पण मालक आणि नोकर दोघांनाही उद्याची खात्री नसेल, तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना भीतीच बसलेली असते. भीतीने केलेला करार टिकत नाही.

दूरदेशीचंही एक उदाहरण सांगतो. जानेवारी २००९ मध्ये पक्षी आदळून दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर कॅप्टन सलेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरवलं. १५५ च्या १५५ माणसं वाचली. पुढच्याच महिन्यात ते अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेले. तिथे त्यांनी सांगितलं, की आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आहे, निवृत्तिवेतनाची योजना गुंडाळली गेली आहे आणि आपल्या मुलांनी याच पेशात यावं असं वाटणारा एकही वैमानिक आपल्या माहितीत नाही. ज्याला सगळं जग डोक्यावर घेत होतं, तो माणूस हे बोलत होता. ते वाचून मला अब्बा आठवले. आपल्या मुलाने बोटीवर जाऊ नये म्हणून त्यांनी मला शाळेत घातलं होतं.

२०२५ पर्यंतचा नियमांचा प्रवासही पाहा. जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर झाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास आणि रात्रीच्या वेळी विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोन. अंमल लांबला, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात होत्या. शेवटी २०२५ मध्ये जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. नियोजनात चूक झाल्याचं कंपनीने मान्य केलं. आणि लोकांचे हाल थांबावेत म्हणून सरकारने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. म्हणजे विश्रांतीचा नियम आला आणि पहिल्याच धक्क्याला विश्रांतीच मागे सरकली. अडकलेल्या प्रवाशांचे हाल मी समजू शकतो, मी नागपूरला रात्र काढली आहे. पण तासाभराच्या खोळंब्यावर आपण ओरडतो आणि कॉकपिटमधल्या झोपेबद्दल विचारतही नाही, हेही खरं.

आता भाच्याची गोष्ट पुरी करतो. मध्यंतरी त्याच्या कंपनीनेही नवा करार पुढे केला. सहीला पाच दिवसांची मुदत. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "मामू, तुम्ही शब्दांतले. वाचून बघा."

रात्रभर वाचला. तीन ठिकाणी 'कंपनीच्या सोयीनुसार' असे शब्द होते. कवितेत असा शब्द आला असता तर मी खोडला असता. सही न करावी, तर फर्स्ट ऑफिसरला नोकरी सोडायला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, २०१७ साली सरकारनेच तसा नियम केला. वर गहाण पडलेलं घर. आपा दारात उभी राहून म्हणाली, "सही कर आणि मोकळा हो." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी त्याला एकच सल्ला दिला: एकटा जाऊ नकोस आणि सगळं मागू नकोस. तो आणि त्याचे दहा-बारा सहकारी मिळून गेले. पैशाबद्दल बोलले, पण भर एकाच गोष्टीवर दिला: 'थकलो आहे' असं कळवणाऱ्याची बढतीची पाळी त्यामुळे मागे जाणार नाही, हे लेखी द्या. दोन बैठका झाल्या, मुदत आठवडाभर वाढली. तासांचं कलम तसंच राहिलं. हे एक वाक्य मात्र करारात आलं. त्यानंतर त्याने सही केली.

जिंकला की हरला, मला सांगता येणार नाही. पगार थोडा कमीच झाला. पण मागच्या महिन्यात त्याने पहाटे एकदा कळवलं, की आज मी उडू शकत नाही. त्याच्या जागी दुसरा वैमानिक गेला, विमान वेळेवर सुटलं. तो दुपारपर्यंत झोपला. आपाने त्याला उठवलं नाही.

त्या विमानातल्या कुणालाही हे ठाऊक नाही. ठाऊक असण्याची गरजही नाही. पण पुढच्या वेळी विमानतळावर 'वैमानिकांचे तास संपले' अशी घोषणा झाली, तर श्रोतेहो, चिडण्याआधी एक क्षण थांबा. मी आता थांबतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)