कसं काढलंस?



प्राथमिक गणित शिक्षकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. मी थेट एका वजाबाकीकडे वळतो.

४२ वजा १७. तिसरीतल्या एका मुलीनं उत्तर लिहिलं होतं ३५. मी लाल पेनानं फुली मारली आणि पुढची वही ओढली. दुसऱ्या दिवशी ६१ वजा २८, उत्तर ४७. तेव्हा कुठं तिला जवळ बसवून विचारलं, "कसं काढलंस गं?" ती म्हणाली, "सर, दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन घेतले. तुम्हीच सांगितलंत, लहानातून मोठा जात नाही."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं वर्गात म्हणत आलो होतो. पोर त्याच नियमाला धरून चालली होती. मग मी काड्या काढल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढं ठेवून म्हटलं, "यातल्या सतरा मला दे." तिनं एक गठ्ठा दिला. दोन सुट्या काड्यांकडे जरा वेळ पाहिलं आणि कुणी न सांगता दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढलं. हातच्याची रीत मी तिला शिकवलीच नव्हती म्हणायची; ती त्या क्षणी तिची तिला सापडली. त्याआधी किती मुलांच्या वह्यांवर मी नुसत्या फुल्या मारल्या असतील, हा विचार आजही मला छळतो.

शाब्दिक उदाहरणांत तर आपण मुलांना विचार टाळायलाच शिकवतो. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘जास्त’ आलं की मिळवा. आता हे उदाहरण घ्या: सीमाजवळ १२ लिंबं आहेत, ती रमाच्या लिंबांपेक्षा ५ने जास्त आहेत, तर रमाजवळ किती? ‘जास्त’ या शब्दाला भुलून मुलं १७ लिहितात. लिंबं कुणाकडे जास्त आहेत, हे वाचायची गरजच त्यांना वाटत नाही, कारण खूण मिळालेली असते.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. १९८० साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथं लहान मुलांना विचारलं गेलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दाखवलं!

आणि २०२५ साली अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला. मापं, भाव, परत द्यायचे पैसे, सगळं ही मुलं तोंडी अचूक करत होती. तोच हिशोब पुस्तकी रूपात मांडला की बहुतेक अडखळत होती. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं नेमकं उलट. आपल्या आठवडी बाजारात आईशेजारी बसून भाजी विकणारी मुलं तुमच्याही वर्गात असतील. त्यांचं गणित कच्चं आहे, असा शेरा लिहिण्याआधी त्यांना मेथीच्या जुडीचा हिशोब विचारा.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. दोन-दोन इयत्ता एका शिक्षकाकडे, वर ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. शिष्यवृत्ती परीक्षेत चारांतला एक गोल रंगवायचा असतो. मुलानं काय विचार केला, हे त्या गोलाला कळत नाही. म्हणून सरावसंच बंद करा असं मी म्हणणार नाही. पाढे पाठ हवेतच. ज्याला सात आठे छप्पन आठवावे लागत नाहीत, त्याचं डोकं विचाराला मोकळं राहतं. माझं मागणं दिवसातल्या दहा मिनिटांपुरतं आहे. फळ्यावर एकच उदाहरण, कोणती क्रिया करायची हे न सांगता. तीन मुलांनी आपापली रीत मांडेपर्यंत उत्तर बरोबर की चूक, हे आपण बोलायचं नाही. आणि बरोबर उत्तरालाही "कसं काढलंस?" विचारायचंच, नाहीतर मुलं या प्रश्नाचा अर्थ ‘चुकलं’ असा घेतात.

पत्रिकेत प्रत्येकानं चुकलेल्या उदाहरणाचं एक पान, मुलाचं नाव झाकून, आणायला सांगितलं आहे. दुपारी चार-चारांच्या गटांत बसू. ते उत्तर मुलानं कोणत्या नियमानं काढलं असेल, एवढंच शोधायचं. माझ्याजवळचं पान त्या ४२ वजा १७चं आहे.