मूठभर दाणे आणि कबुतरं



आज बोलायचंय आपल्या खिडकीत घुमणाऱ्या कबुतरांबद्दल. 2025 च्या पावसाळ्यात मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सुरुवात झाली, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा घराघरांत वाद झाले. आमच्याही झाले. माझ्या सासूबाई रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी टाकायच्या. मामंजी गेल्यापासूनचा नेम. "मुक्या जिवाच्या तोंडचा घास कसा काढू?" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

पण खोकला आमच्या जिन्यातच होता. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली, की काहींच्या फुप्फुसांना सूज येते. वेळीच लक्षात आलं नाही तर फुप्फुसं कडक होतात आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. सगळ्यांनाच हा आजार होतो असं नाही. पण कोरडा खोकला हटत नसेल, जिना चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना "घराजवळ कबुतरं आहेत" हे आपणहून सांगा.

मग कबुतरांना मारायचं का? मुळीच नाही. ते क्रूर तर आहेच, शिवाय त्याचा उपयोगही होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराने 1961 ते 1985 या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली. तरी शहरात कबुतरं होती तेवढीच राहिली. कारण सोपं आहे. दाणे तेवढेच पडत होते, म्हणून रिकामी झालेली जागा नवी पिल्लं भरून काढत होती. 1988 पासून त्या शहराने लोकांना दाणे न टाकण्याची विनंती केली, पत्रकं वाटली, ठरावीक ठिकाणी खुराडी ठेवून तिथली अंडी काढली. चारेक वर्षांत कबुतरं जवळजवळ निम्मी झाली.

जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात खुराड्यांतली खरी अंडी काढून तिथे खोटी ठेवतात. नुसती अंडी उचलली तर मादी लगेच दुसरी घालते. खोट्या अंड्यांवर मात्र ती शांतपणे बसून राहते. अमेरिकेत तळ्याकाठच्या बागांमध्ये कॅनडा हंस फार झाले, तिथेही हीच युक्ती करतात. अंड्यांना मक्याचं तेल लावतात. त्याआधी अंडं पाण्यात घालून बघतात. तरंगलं तर आत पिल्लू बरंच वाढलेलं असतं, म्हणून ते तसंच परत ठेवतात. ही कामं शिकलेल्या माणसांची. आपण घरी अंड्यांना हात लावायचा नाही.

आपल्या हातात काय आहे, ते सांगते.

पहिलं, दाणे हळूहळू कमी करून थांबवा. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते, साधारण अठरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. भरपूर खायला मिळालं की वर्षभर हे चालूच राहतं. अन्न कमी झालं की वीणही कमी होते.

दुसरं, बसायला जागा देऊ नका. मुळात हा पक्षी कड्याकपारीतला. आपले छज्जे, डक्ट, एसीच्या मागची फट म्हणजे त्याला कपारीच. जाळी लावा, पण ताणून. सैल जाळीत पक्षी अडकून मरतो. आणि लावण्याआधी आत घरटं आहे का ते बघा. पिल्लं असली तर ती उडून जाईपर्यंत थांबा. महिनाभराचा तर प्रश्न.

तिसरं, विष्ठा कोरडी झाडू नका. तोंडाला मास्क लावा, आधी पाणी मारून ती भिजवा, मग काढा.

सासूबाईंना आजाराची भीती पटली नव्हती. पटली ती वेगळीच गोष्ट. आमचा जिना झाडणाऱ्या ताई एकदा पायरीवर धाप टाकत बसल्या होत्या. आईंनी त्यांना पाणी दिलं. घोटभर पिऊन त्या म्हणाल्या, "आजी, तुमच्या दाण्यांवर पाखरं येतात, त्यांची घाण मीच रोज झाडते." आई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून कठड्यावरची मूठ हळूहळू लहान होत गेली, आणि दिवाळीच्या आधी थांबली.

नेम मात्र मोडला नाही. त्या ज्वारीची आता भाकरी होते आणि सकाळी त्या ताईंच्या हातात पडते. दया सोडायची नाही, मैत्रिणींनो. ती कुणाच्या वाट्याला काय घेऊन येते, तेवढं बघायचं.