चाँदनीची पहाट
(सचित्र बालकथांतील नीती आणि धर्मभाव यांविषयीच्या एका भाषणाची संहिता)



मुलांच्या गोष्टीतील नीती कोठे असते, असे विचारले की बहुतेकांचे बोट शेवटच्या ओळीकडे जाते. तात्पर्य तेथे लिहिलेले असते, असा आपला समज. भाषांतराच्या कामात मला निराळे आढळले. ते ज्या गोष्टीमुळे आढळले ती ओखल्याच्या जामिया मिल्लियाशी नाते सांगणारी, म्हणजे आपल्या दिल्लीचीच आहे; म्हणून आज मुख्यतः तिच्याविषयी बोलणार आहे.

डॉ. झाकिर हुसेन १९२६ ते १९४८ या काळात जामियाचे कुलगुरू होते, आणि १९६७ साली ते राष्ट्रपती झाले, हे आपण जाणताच. त्यांनी मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या, आणि त्याही रुकैया रेहाना या आपल्या मुलीच्या नावाने, हे मात्र मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसते. त्यांतील ‘अब्बू खाँ की बकरी’ सर्वांत प्रसिद्ध. तिचे कथाबीज फ्रेंच लेखक आल्फोंस दोदे याचे. १८६९ साली निघालेल्या त्याच्या पवनचक्कीच्या पत्रांत ते आहे. पॅरिसमधील एक कवी वर्तमानपत्रातील नोकरी नाकारतो, तेव्हा त्याला शहाणपण शिकविण्यासाठी सेगँ नावाच्या गृहस्थाच्या बकरीची हकीकत सांगितली आहे. दाव्याला विटलेली ती पांढरीशुभ्र बकरी खिडकीतून निसटून डोंगरावर जाते, दिवसभर मनसोक्त हिंडते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे मरते. स्वातंत्र्याचा हट्ट धरला की काय होते ते पाहा, असा पत्राचा सूर. त्यात उपरोध पुष्कळ आहे. तरीही वरवर पाहता ती ताकीदच.

झाकिर हुसेन यांनी ही बकरी अल्मोड्याला आणली, तिचे नाव चाँदनी ठेवले, आणि दावे, खिडकी, डोंगर, लांडगा हे सारे जवळजवळ जसेच्या तसे राहू दिले. बदलली ती पहाट. दोदेच्या पहाटेला एका शेतघरात कोंबडा आरवतो, एवढेच. अल्मोड्याच्या पहाटेला कोंबड्याच्या आवाजाबरोबर खालच्या वस्तीतील मशिदीतून अजान वर येते. रक्ताने माखलेली चाँदनी मनोमन अल्लाचे आभार मानते. आपल्या आवाक्यात होते तेवढे आपण लढलो, पुढे त्याची मर्जी. अजान संपता संपता ती कोसळते आणि लांडगा तिला खाऊन टाकतो. मग झाडावरच्या पाखरांत वाद चालतो की जिंकले कोण? बहुतेकांचे मत लांडग्याच्या बाजूचे. एक म्हातारे पाखरू तेवढे म्हणते, चाँदनी जिंकली.

येथे मराठीने मला एक देणगी दिली. आपल्याकडे कोंबडा बांग देतो, आणि मशिदीतही बांगच होते. दोदेचा कोंबडा आणि अल्मोड्याची मशीद एका शब्दात आपोआप शेजारी येऊन बसतात! एका स्नेह्यांनी हरकत घेतली की हल्ली हा शब्द हिणविण्याच्या सुरात ऐकू येतो, तेव्हा ‘अजान’च बरे. मी पुष्कळ विचार केला आणि दोन्ही ठिकाणी ‘बांग’ ठेवला. मोठ्यांनी शब्द मळविला म्हणून तो मुलांपासून काढून का घ्यावा? दुसरी सूचना अशी आली की ‘अल्ला’च्या जागी ‘देवा’ घालावे, म्हणजे गोष्ट सर्वांची होईल. ती मी मुळीच मानली नाही. चाँदनी अब्बू खाँच्या अंगणात वाढली आहे. ती त्या घरच्याच भाषेत आभार मानणार.

खरी अडचण शब्दांची नव्हतीच. आपल्या व्रतांच्या कहाण्यांत देव प्रसन्न होतो, गेलेले परत मिळते, मग कहाणी सुफळ संपूर्ण होते. चाँदनीला काहीही परत मिळत नाही. देव तिला वाचवीत नाही, आणि तरीही ती आभार मानते. हे मुलांना सोसेल का, असे मला वारंवार विचारले गेले.

चित्रकारापुढे तर हाच प्रश्न अधिक अवघड होऊन उभा राहतो. अँडरसनची काड्या विकणारी मुलगी आठवा. १८४५ साली एका पंचांगाच्या संपादकाने अँडरसनकडे तीन चित्रे पाठविली आणि त्यांपैकी एकावर गोष्ट मागितली. त्याने काड्या विकणाऱ्या गरीब मुलीचे चित्र निवडले. चित्रात होते ते दारिद्र्य. आजी, तो प्रकाश आणि देवाघरचा प्रवास हे सारे अँडरसनने दिले. सकाळी लोकांना दिसते ते थिजलेले प्रेत आणि जळलेल्या काड्या. तिने काय पाहिले ते निवेदक आपल्याला सांगून टाकतो. झाकिर हुसेन तसे सांगत नाहीत. ते निकाल पाखरांवर सोडतात, आणि पाखरांचे एकमत होत नाही.

आपल्याकडे एकच चित्रावली अनेक भाषांतील आवृत्त्यांना पुरविण्याची पद्धत आहे. चित्रे तीच, त्यांच्याखालची जागाही तेवढीच; भाषांतरकाराने त्या चौकटीत बसायचे. म्हणून चित्रकाराने काय काढले यावर मराठी मूल काय वाचणार हे बरेचसे ठरते. लांडग्याचे दात काढणे सोपे. मिनारही काढता येईल. पण मिनार म्हणजे बांग नव्हे, आणि बकरीने मनातल्या मनात मानलेले आभार कोणत्या रंगाने दाखवावेत?

मला कोणी विचारले, तर शेवटच्या पानावर लांडगा नको, बकरीही नको. फांदीवर दहा-बारा पाखरे असावीत, मागे नुकते उजाडलेले असावे, आणि कडेच्या म्हाताऱ्या पाखराकडे बाकीच्यांनी माना वळविलेल्या असाव्यात.