दुसऱ्या दिवसाची सायकल

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल सकाळी या शिबिरात आपण ४७ जणी होतो. आज हजेरी घेतली तेव्हा ३१ भरल्या. ज्या आल्या नाहीत त्यांना कालचा दिवस आवडला नाही, असं मला वाटत नाही. रात्री घरी गेल्यावर त्यांना कुणीतरी विचारलं असेल, "उद्या परत?"

मला आज 'बाई आणि तिचं शरीर' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी त्याबद्दल सायकलच्या निमित्तानं बोलणार आहे, आणि त्यातही या 'उद्या परत'बद्दल.

लहानपणी मी भावाच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून चालवायला शिकले. सातवीत पाळी आली आणि सायकल सुटली. कुणी बंदी घातली नाही. "आता पुरे," एवढंच आई म्हणाली. पुढे एम.एस.डब्ल्यू. झालं, समुपदेशन केंद्रातलं काम सुरू झालं, लग्न झालं, मुलगी झाली. चौतिसाव्या वर्षी गिअरची सायकल घेतली तेव्हा मध्ये बावीस वर्षं गेली होती.

वर्षभरात १०० किलोमीटर जमायला लागलं. मग बीआरएमबद्दल कळलं. ही लांब पल्ल्याची सायकल-सफर असते, शर्यत नाही. तिचे नियम फ्रान्समधल्या एका जुन्या सायकल संस्थेनं ठरवलेले आहेत. पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं, एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २० तास, ४००ला २७ तास आणि ६००ला ४० तास. चारही अंतरं एका हंगामात पुरी केली तर 'सुपर रँडोनिअर' म्हणतात. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर वेळेची नोंद करून घ्यायची. पंक्चर आपलं आपण काढायचं. मला हे फार आवडलं. बाई म्हणून सवलत नाही आणि बाई म्हणून अडवणूकही नाही.

पहिली २०० मी साडेबारा तासांत पुरी केली. घरी पेढे आणले. सासूबाईंनी दारात ओवाळलं. नवऱ्यानं सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवले. मलाही बरं वाटलं, ते नाकारत नाही.

पुढे ४०० आणि ६०० करायची तर थकलेल्या अंगानं पुन्हा सायकलवर बसता आलं पाहिजे. म्हणून लागोपाठ दोन दिवस २००-२०० करायचं ठरवलं. डिसेंबरात तसा योग आला. शनिवारी पुणे ते पाचगणी आणि परत, रविवारी पुणे ते भिगवण आणि परत. घरी सांगितलं तेव्हा पेढे देणाऱ्या घरातच प्रश्न सुरू झाले. "दोन्ही दिवस?" "मग रविवारी पोरीचं काय?" सासूबाई वाईट नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "एक दिवस हौस झाली ना, आता रोजच का?"

मी भांडले नाही. मनातल्या मनात मात्र हिशेब मांडला, की शनिवारी आल्यावर घरचं सगळं करून टाकलं तर रविवारचं कुणी काही बोलणार नाही.

शनिवारी खंबाटकीचा घाट, मग वाईनंतरचा पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठली आणि संध्याकाळी सातला पुण्यात परत आले. घरी येऊन अंघोळ केली आणि ओट्याशी उभी राहिले. पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढलं, सगळ्यांच्या शेवटी साडेदहाला जेवले. मुलीचा शाळेचा गणवेश भिजवला. झोपायला बारा वाजले. पहाटे चारला उठले.

रविवारी सोलापूर रस्ता सपाट होता. तरी यवत मागे पडलं तेव्हाच पाय जड झाले होते. कुरकुंभपर्यंत कशीबशी गेले. तिथे घाम गार पडला, मळमळायला लागलं, पोटऱ्यांत गोळे आले. रस्त्याकडेला झाडाखाली बसले आणि नवऱ्याला फोन केला. तो गाडी घेऊन आला. "मी म्हटलं होतं ना," असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यानं फक्त सायकल उचलून गाडीत टाकली.

आठवडाभर मी स्वतःला दोष दिला. आपलं वय झालं, आपल्याला जमणार नाही. केंद्रात येणाऱ्या बाईला आपण काय सांगतो? आधी काय काय घडलं ते क्रमानं सांग. तसं मी स्वतःलाच विचारलं. शनिवारी साडेतेरा तासांच्या आत सायकल चालवली, म्हणजे पायांत बळ होतं. मग कमी काय पडलं? साडेतीन तास उशिरा जेवले. चार तास झोपले. आणि पाणी. रविवारी सकाळपासून कुरकुंभपर्यंत मी अर्धी बाटलीसुद्धा प्यायले नव्हते. का? कारण शनिवारी एका पेट्रोलपंपावर संडासाला कुलूप होतं. चावी मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला गेलेला. पुरुष सायकलवाले कुठेही थांबत होते. मी ठरवून टाकलं, पाणीच कमी प्यायचं.

हे तुम्हाला नवीन आहे का? ऊसतोडीला जाणारी बाई, बाजारात भाजी विकणारी बाई, एस.टी.नं लांब जाणारी बाई, सगळ्या हेच करतात. मुंबईत २०११ पासून महिला संघटनांनी 'राईट टू पी' ही मोहीम चालवली ती याचसाठी. मोर्चात मी घोषणा दिल्या होत्या. स्वतःच्या तहानेच्या वेळी मात्र त्या आठवल्या नाहीत.

लांब पल्ल्याच्या सायकलचं एक साधं शास्त्र आहे. शरीरातली साठवलेली साखर काही तासांच्या कष्टात संपत जाते. म्हणून दर तासाला थोडं खायचं, भूक लागायची वाट पाहायची नाही. उतरल्यावर पहिल्या तासाभरात जेवायचं, कारण दुसऱ्या दिवसाचं बळ तेव्हा लवकर भरायला लागतं. आणि झोपायचं. म्हणजे सगळ्यांत आधी जेवायचं आणि सगळ्यांत आधी झोपायचं. आपल्या घरात या दोन गोष्टी बाईनं केल्या तर तिला काय म्हणतात, ते तुम्ही मला सांगा!

फेब्रुवारीअखेर पुन्हा तोच बेत केला. या वेळी पंधरा दिवस आधी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. शनिवारी रात्री मी स्वयंपाक करणार नाही. आल्याबरोबर मला गरम वरणभात हवा. नऊला दिवा बंद. रविवारी मुलीचं सगळं तिच्या बाबाकडे. दोन दिवस घरात अबोला होता. मग नवरा म्हणाला, "वरणभात मला येतो." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण शनिवारी संध्याकाळी कुकर त्यांनीच लावला होता.

रविवारी परतताना समोरून गरम वारा होता. चौफुल्यानंतर वेग ताशी १४वर आला. मांडीला घासून सोललं होतं, पाळीचा दुसरा दिवस होता. एका ढाब्यावर मालकिणीनं न विचारता घरातलं न्हाणीघर दाखवलं आणि ताक दिलं. मी १३ तास १० मिनिटांनी पोचले. वीस मिनिटं हातात होती.

पण गोष्ट इथे संपवली तर मी तुमच्याशी अर्धंच खरं बोलेन. रविवारी सकाळी आमच्या घरी स्वयंपाक कुणी केला? आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंनी. एरवी रविवारी त्यांची सुट्टी असते, त्या दिवशी नवऱ्यानं त्यांना जादा पैसे देऊन बोलावलं होतं. सोमवारी त्या मला म्हणाल्या, "ताई, दोन दिवस लागोपाठ म्हणजे लईच झालं की. माझं बघा, सात दिवस लागोपाठ झालं." त्या चेष्टेनं म्हणाल्या, पण मी गप्प झाले. माझा दुसरा दिवस त्यांच्या सुट्टीतून आला होता. पुरुषानं न उचललेलं काम एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे गेलं, तर त्याला बदल म्हणायचं का? त्या आठवड्यात त्यांना बुधवारची पगारी सुट्टी दिली. आता रविवारी आमच्याकडे नवऱ्याची खिचडी असते, मी सायकलवर असले तरी आणि नसले तरी.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीच्या बाया. त्यांचे मेळावे झाले, नाव झालं. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही, कारण तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकल घ्यायला बँकेचं कर्ज मिळेल असं पाहिलं. शिकण्याचं कौतुक एका मेळाव्यात होतं. रोज चालवायला सायकल स्वतःची लागते.

केंद्रातही मी हेच पाहते. बाई पहिल्यांदा येते तेव्हा भाऊ येतो, वहिनी येते, शेजारीण येते. दुसऱ्या तारखेला ती एकटी असते. तिसऱ्या तारखेला येतच नाही. आपण नोंद करतो, 'तक्रारदाराने पाठपुरावा केला नाही'. तिनं रात्री किती वाजता जेवून, किती झोपून, कुणाच्या हाती मूल देऊन यायचं होतं, ते आपल्या फॉर्ममध्ये विचारलेलंच नसतं. मी आता ते विचारते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आज जेवणाच्या सुट्टीत, न आलेल्या सोळा जणींना आपण फोन करू या. 'का नाही आलात' असं विचारायचं नाही. 'काल रात्री घरी गेल्यावर काय काय केलंत', असं विचारू या. आणि पुढच्या शिबिराचं पत्र काढताना दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाचं आणि मुलांचं काय, हे पहिल्याच ओळीत लिहू या.

मी येत्या हंगामात ३०० करणार आहे. त्यात रात्र आहे. त्याची भीती वाटते, पण त्याबद्दल जमलं तर पुढच्या वेळी बोलेन. सायकल शिकायची असेल तर चहाच्या वेळी मला भेटा. माझी बाहेर उभी आहे, तिला कुलूप लावलेलं नाही.