टांझानिया : एका भाषेने जोडलेला देश



आफ्रिका म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सिंह आणि अरण्य एवढेच उभे राहते. टांझानियात सेरेंगेटीचे अफाट माळरान आहे आणि ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारोही आहे, हे खरे. परंतु मला आज बोलावयाचे आहे ते तेथील माणसांविषयी. शंभराहून अधिक जमातींचा हा देश एक कसा झाला, आणि ज्या पुरुषाने तो एक केला त्याला त्याची भाकरीची विवंचना का मिटविता आली नाही, हे आजचे दोन प्रश्न आहेत.

प्रथम समुद्राकडे वळू. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की अरबस्तानातून व हिंदुस्थानातून गलबते आफ्रिकेकडे निघत, आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की परतत. जो वारा आपल्या कोकणात पाऊस आणतो, तोच या व्यापाराचा सारथी होता. किल्वा हे त्या किनाऱ्यावरील संपन्न बंदर. १३३१ साली इब्न बतूता तेथे गेला होता. या देवघेवीतून स्वाहिली भाषा घडली. ‘स्वाहिली’ म्हणजे किनाऱ्याची. तिचा सांगाडा आफ्रिकेच्या बांटू कुळातला. पण शब्द पाहा. वकिलाला ‘वकीली’, हिशेबाला ‘हेसाबू’, साबणाला ‘साबुनी’, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’! अरबी ‘किताब’ तेथे ‘किताबू’ झाले, आणि त्यातले ‘कि’ हे आपल्याच व्याकरणातले एकवचनाचे चिन्ह समजून लोकांनी अनेकवचन केले ‘विताबू’. परका शब्द घ्यावा, पण तो आपल्या घरच्या शिस्तीने वागवावा, असा हा प्रकार आहे.

या व्यापाराची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १८४० च्या सुमारास ओमानच्या सुलतानाने आपली राजधानी झांझिबारला आणली. तेथील लवंगांच्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिल्या. झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला तो १८७३ साली.

पुढे मुख्य भूमीवर जर्मन आले. त्यांनी शेतकऱ्यांवर कापूस पिकविण्याची सक्ती केली. १९०५ साली किंजिकितिले नावाच्या एका पुरुषाने लोकांना मंतरलेले पाणी दिले. त्याने गोळ्यांचे पाणी होईल अशी श्रद्धा होती. पाण्याला स्वाहिलीत ‘माजी’ म्हणतात, म्हणून हा ‘माजी माजी’ उठाव. गोळ्यांचे पाणी झाले नाही. जर्मनांनी उभी पिके जाळली, दुष्काळ पडला, आणि मृतांचा अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत केला जातो. तरीही एक गोष्ट घडून गेली होती. निरनिराळ्या जमाती प्रथमच एका हाकेला ओ देऊन उठल्या होत्या.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज आले. १९५४ साली ज्यूलियस न्येरेरे या शिक्षकाने ‘टानू’ हा पक्ष स्थापन केला. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारला रक्तरंजित क्रांती झाली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दोन्ही देश मिळून टांझानिया बनला.

न्येरेरे यांनी स्वाहिलीलाच राष्ट्रभाषा केले. आपण १९६० साली आपले राज्य मिळविले ते बहुसंख्यांच्या मातृभाषेचे. तेथे उलट होते. स्वाहिली ही थोड्यांचीच मातृभाषा. म्हणूनच ती कोणा एका मोठ्या जमातीची मिरास ठरली नाही. १९६७ पासून प्राथमिक शिक्षण त्या भाषेत दिले जाऊ लागले. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः शेक्सपिअरचे ‘ज्यूलियस सीझर’ स्वाहिलीत आणले. लोक त्यांना प्रेमाने ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत.

याच गुरुजींचा दुसरा धडा मात्र फसला. १९६७ च्या आरुशा घोषणेने बँका व मोठे उद्योग सरकारी झाले, आणि ‘उजामा’चा, म्हणजे कुटुंबभावाचा, मार्ग सांगितला गेला. विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एका गावात राहावे, शाळा, पाणी, दवाखाना मिळवावा, ही कल्पना उदात्त होती. आरंभी ती खुशीची होती. १९७३ नंतर तिची सक्ती झाली. लक्षावधी माणसे हलविली गेली, काहींची घरे पाडली गेली. घरापासून शेत दूर पडले, आणि ज्याला जमीन कळते त्याचा सल्ला कोणी विचारला नाही. त्यातच तेलाचे भाव भडकले, अवर्षण पडले, युगांडाशी १९७८-७९ चे युद्ध झाले. घायपाताचा धागा हे तेथील मोठे निर्यातीचे पीक. १९६० च्या दशकात त्याचे उत्पन्न वर्षाला दोन लाख टनांवर होते. कृत्रिम दोरखंडांच्या स्पर्धेने व कारभाराच्या ढिलाईने ते रोडावत गेले. १९८५ साली न्येरेरे स्वेच्छेने पायउतार झाले, आणि १९८६ पासून देश खुल्या बाजाराकडे वळला.

२०२२ च्या गणनेत लोकसंख्या सहा कोटी सतरा लाख भरली. सोने आणि पर्यटन हे आता परकीय चलनाचे मोठे आधार आहेत. दक्षिणेकडील कच्चा काजू फोडण्यासाठी आपल्याकडे येतो. म्हणजे टरफल काढण्याची मजुरी आणि नफा तेथे राहत नाही. माध्यमिक शाळेत मुलाला एकाएकी इंग्रजीतून शिकावे लागते, आणि कित्येक मुले तेथेच अडखळतात. राजकारणही निर्वेध नाही. २०२५ च्या निवडणुकीच्या वेळी प्रमुख विरोधी नेता तुरुंगात होता, आणि रस्त्यांवर संचारबंदी होती.

तेव्हा या देशापासून काय घ्यावे? तेथे भाषा रुजली, कारण ती लोकांच्या बाजारातून, बंदरातून आधीच वाढत आली होती. राज्यकर्त्यांनी तिला केवळ मान दिला. गावे रुजली नाहीत, कारण ती वरून आखली गेली. दोन्हींमागचा हेतू एकच आणि चांगला होता. परंतु लोकांच्या चालीने चालणे आणि लोकांना चालविणे यांत जे अंतर आहे, ते चांगल्या हेतूनेही भरून निघत नाही. ज्यांना ज्यांना लोकांचे भले करावयाचे आहे, त्यांनी हे ध्यानी ठेवावे.