खटला नेमका कोणत्या कोर्टाचा?

क्वालालंपूरमध्ये एखाद्या मुसलमान नवऱ्याने रागाच्या भरात घरीच तलाक उच्चारला, तर त्याला कोर्टाची पायरी चढावी लागते. कोर्टाच्या परवानगीवाचून असा तलाक देणे हा तिथल्या १९८४ च्या इस्लामी कुटुंब कायद्यानुसार गुन्हा आहे. १००० रिंगिटपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. खटला चालतो शरिया कोर्टात. त्याच्या बौद्ध शेजाऱ्याला घटस्फोट हवा असेल, तर तो मात्र हायकोर्टात जातो.

एकाच वाड्याला दोन जिने असावेत, तशी मलेशियाची न्यायव्यवस्था आहे. पहिला जिना ब्रिटिश वळणाचा. तळाशी मॅजिस्ट्रेट आणि सेशन्स कोर्टे, त्यांच्यावर दोन हायकोर्टे: एक मलाया द्वीपकल्पाचे, दुसरे सबाह-सारावाकचे. मग अपील कोर्ट आणि सर्वांत वर पुत्रजायाचे फेडरल कोर्ट.

दुसरा जिना शरियाचा. ही कोर्टे राज्यांच्या अखत्यारीत येतात. कनिष्ठ, उच्च आणि अपील अशा तीन पातळ्या प्रत्येक राज्यात वेगळ्या. अधिकार फक्त मुसलमानांवर आणि तोही विवाह, पोटगी, वारसा, धर्माचरणाचे काही गुन्हे एवढ्यापुरता. शिक्षेचीही कमाल मर्यादा संसदेने आखून दिली आहे: तीन वर्षे कैद, ५००० रिंगिट दंड, सहा फटके.

१९८८ साली घटनेत दुरुस्ती झाली. शरिया कोर्टांच्या कक्षेतल्या बाबींत हायकोर्टांनी पडायचे नाही, असे ठरले. पण कक्षा कुठे संपते, हे कोणी सांगायचे?

पेराक राज्यातल्या एका हिंदू आईला या प्रश्नाची झळ बसली. नवऱ्याने इस्लाम स्वीकारला आणि तिला न विचारता तिन्ही मुलांचेही धर्मांतर करून टाकले. ती मुसलमान नसल्याने शरिया कोर्टात दाद मागता येईना, आणि अपील कोर्टाने हा विषय आपला नाही म्हणून हात वर केले. अखेर २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला: आई आणि वडील दोघांची संमती हवी, ते धर्मांतर रद्द.

सहा वर्षांनी वाद केलांतान राज्याच्या शरिया फौजदारी कायद्यावर येऊन ठेपला. जुगार, खोटी साक्ष यांसारखे गुन्हे राज्याने त्यात घातले होते. असे गुन्हे ठरवण्याचा अधिकार संसदेचा, असे म्हणत दोन मुसलमान महिलांनी, एका आईने आणि तिच्या मुलीने, १८ कलमांना आव्हान दिले. तत्कालीन सरन्यायाधीश तेंगकू मैमून तुआन मात यांच्या नऊ जणांच्या पीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमताने १६ कलमे रद्द केली. उरलेली दोन कायम राहिली.