लखनऊ छावणीचे कोठार आणि मलिहाबादची बाग

(अल्पभूधारक शेतकऱ्यांचा माल आणि वितरणव्यवस्था या विषयावरील अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

लहान शेतकऱ्याने माल कसा पिकवावा, हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो कसा विकावा, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते : मधला दलाल काढून टाका. हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण अपुरे आहे. ते का अपुरे आहे, हे लखनऊ छावणीच्या उदाहरणावरून नीट समजते.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी लखनऊच्या दिलकुशा परिसरात ही छावणी वसवली. १९६३ पासून भूसेनेच्या मध्य कमांडचे मुख्यालय येथे आहे. एवढ्या मोठ्या छावणीला भाजी, फळे, दूध, अंडी रोज लागतात, पावसात लागतात आणि भाव पडले तरी लागतात. असे खात्रीचे गिऱ्हाईक शेतकऱ्याला दुसरीकडे क्वचितच लाभेल. शहराच्या वायव्येस मलिहाबाद आणि काकोरीचा पट्टा आहे. दशहरी आंबा तिथलाच. छावणीचे कोठार आणि आंब्याची बाग एकाच जिल्ह्यात आहेत. तरीही लहान बागवानाचा आंबा थेट त्या कोठारात जात नाही. ताज्या भाजी-फळांची खरेदी निविदा मागवून, ठेकेदारामार्फत होते. निविदेसाठी अनामत रक्कम हवी, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वजनाचा माल पोचवण्याची हमी हवी, आणि बिल मंजूर होईपर्यंत थांबण्याची ऐपत हवी. दोन-चार बिघ्यांच्या धन्याजवळ यांपैकी काहीही नसते.

मग त्याचा माल जातो कुठे? पुष्कळ वेळा तो झाडावर असतानाच विकलेला असतो. मोहोर येताच ठेकेदार बाग पाहतो, अंदाज बांधतो आणि उचल देतो. फवारणी, राखण, उतरणी आणि पेट्या यांचा खर्च त्याच्याकडे जातो. बागवानाला पैसे आधी मिळतात, पण जूनमधल्या भावाशी त्याचा संबंध उरत नाही. जो बाग देत नाही, तो माल घेऊन हरदोई रस्त्यावरील दुबग्गा मंडीत अडत्याच्या दारी येतो. झाडावरून उतरलेली दशहरी काही दिवसांत पिकते. माल परत न्यावा तर भाड्याचा भुर्दंड, ठेवावा तर नासाडी. अशा वेळी सौदा दोघांत होत असला तरी घाई एकालाच असते.

रत्नागिरी-देवगडचा हापूस किंवा नाशिकची भाजी पिकवणाऱ्याला हे चित्र परके वाटणार नाही. अडत, हमाली, तोलाई, कटती हे शब्द आपल्याकडच्या पट्टीवरही आहेत. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीतही आपल्या बाजारांना ठाऊक होती.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वितरक जे काम करतो, ते खोटे नाही. शंभर बागांतील थोडा थोडा माल गोळा करणे, त्याची प्रतवारी करणे, पेट्या पुरवणे, वाहतूक करणे, वादळाचा धोका पत्करणे आणि हंगामाआधी पैसा उभा करणे, ही सर्व कामे कोणालातरी करावीच लागतात. माणूस काढून टाकला म्हणून काम नाहीसे होत नाही. कर्ज देणारा, वजन करणारा, भाव सांगणारा आणि विकत घेणारा हे चौघे एकाच व्यक्तीत एकवटतात, हे दुखण्याचे मूळ आहे. ज्याची उचल घेतली त्याच्याच काट्यावर माल घालायचा असेल, तर शेतकऱ्याला भाव विचारण्याचे स्वातंत्र्य कुठून राहणार?

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांतील अंदाज या दृष्टीने पाहावेत. आंब्यासाठी ग्राहक जो रुपया देतो त्यातील सुमारे ४३ पैसे शेतकऱ्याकडे पोचतात. द्राक्षांत ३५, केळ्यांत ३१, कांद्यात ३६, टोमॅटोत ३३. दुधात मात्र हा वाटा सुमारे ७० पैसे आहे. नाशवंत मालात एवढी गळती व्हायचीच, असे व्यापारी सांगतात. पण आंबा काही दिवस टिकतो, दूध काही तासांत नासते! तेव्हा फरक केवळ नाशवंतपणाचा नाही. बराचसा संघटनेचा आहे.

छावण्यांच्या दुधाचा इतिहास हेच दाखवतो. गोऱ्या सैनिकांना शुद्ध दूध मिळावे म्हणून १८८९ मध्ये अलाहाबादला पहिली लष्करी दुग्धशाळा निघाली. पुढे लखनऊसह अनेक छावण्यांत अशा शाळा झाल्या. ही व्यवस्था ३१ मार्च २०२१ रोजी अधिकृतपणे बंद करण्यात आली. दरम्यान गावोगावच्या दूध संस्था उभ्या राहिल्या होत्या. लखनऊचा सहकारी दूध संघ तर १९३० च्या दशकाच्या अखेरीचा, म्हणजे खेड्याच्या १९४६ मधील संघाच्याही आधीचा. आज राज्याराज्यांतील सहकारी संघांचे दूध लष्कराला पुरवण्याचे काम आणंद येथील राष्ट्रीय सहकारी दुग्ध महासंघ जुळवून देतो. दोन म्हशींची मालकीण निविदा भरत नाही. तिच्या वतीने तिची संस्था ते काम पाहते. वितरक येथेही आहे. पण काटा गावात आहे, फॅट सर्वांसमोर मोजले जाते आणि हिशेब लिहिलेला असतो.

आंब्यात हे अधिक अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. दूध रोज येते, आंबा वर्षातून एकदा. म्हणून बागवानाची पैशाची गरज वर्षभराची असते. शिवाय कायदे केवळ कागदावर असून भागत नाही. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा, उत्तर प्रदेशचा १९६४ चा. त्यांनी उघडा लिलाव आणि परवाने आणले. पण पुष्कळ समित्यांत व्यापाऱ्यांचाच वरचष्मा झाला. बिहारने २००६ मध्ये असा कायदाच रद्द केला. त्याने लहान शेतकरी बलवान झाला नाही. २०२० चे तीन केंद्रीय कायदे शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले. बाजाराला केवळ कुंपण घालून किंवा ते केवळ काढून प्रश्न सुटत नाही. त्या कुंपणाच्या आत शेतकरी एकटा येतो की संघटित होऊन, यावर सारे अवलंबून आहे.

म्हणून कामे चार आहेत.

पहिले, गावातच संकलन. वजन आणि प्रतवारी माल गावाबाहेर जाण्यापूर्वी, उत्पादकांच्या काट्यावर झाली पाहिजे. देवगडच्या आंबा उत्पादकांची सहकारी संस्था आणि नाशिकजवळ मोहाडीची ‘सह्याद्री’ ही शेतकरी कंपनी यांनी हे शक्य असल्याचे दाखवले आहे. मात्र अशा संस्थांत मोठ्या बागाईतदारांचेच वजन वाढणार नाही, याची राखण सभासदांनी करायची असते.

दुसरे, कर्जाची आणि विक्रीची फारकत. मोहोराच्या वेळचे पीककर्ज सोसायटीकडून वेळेवर मिळाले, तरच बाग झाडावर विकणे थांबेल.

तिसरे, पक्की पट्टी. वजन, दर, कपात आणि पैसे देण्याची तारीख लेखी नसेल, तर तो सौदा नव्हे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. ती पुन्हा भावातून कापली जाते की नाही, हे पट्टीवरूनच कळते.

चौथे, सरकारी खरेदीत वाटा. छावणी, वसतिगृहे, रुग्णालये यांची खरेदी लोकांच्या पैशातून होते. तिचे ठेके लहान भागांत विभागावेत आणि उत्पादक संस्थांना अनामतीत सवलत द्यावी, ही मागणी अवाजवी नाही. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाने २०२४ मध्ये उत्तराखंड सरकारशी करार करून सीमाभागातील पशुपालकांकडून मांस, कोंबडी व मासे घेण्याचे ठरवले. सीमेवर जे चालते, ते लखनऊमध्ये का चालू नये?

मित्रहो, वितरक राहील. वाहतूकदार आणि विक्रेताही राहील. प्रश्न एवढाच आहे की तो शेतकऱ्याचा धनी म्हणून राहील, की शेतकऱ्यांच्या संस्थेने ठरवलेल्या मोबदल्यावर काम करील? याचा निकाल मंडीत लागण्यापूर्वी गावच्या काट्यावर लागतो. म्हणून संघटनेची सुरुवातही तेथूनच झाली पाहिजे.